मुलगा परदेशी नागरिक झाला? मग जुना पासपोर्ट पेटीत ठेवू नका!

शेतकरी बंधूंनो, आज गावोगावी एक तरी घर असं आहे, ज्याचं पोरगं साता समुद्रापलीकडे नोकरीला आहे. काही वर्षांनी फोन येतो, "बाबा, मला इथलं नागरिकत्व मिळालं." घरात पेढे वाटले जातात. पण त्याच्या निळ्या भारतीय पासपोर्टाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. आणि पुढं त्यावरूनच घोडं अडतं.

आधी एक घोळ दूर करू. आखाती देशात कामाच्या व्हिसावर गेलेला माणूस भारतीयच राहतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालं तरी माणूस भारतीयच. त्यांनी पासपोर्ट जमा करायचा नाही. प्रश्न येतो तो दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर.

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट सांगतं की, स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, नोटीस येत नाही. पासपोर्टावर अजून पाच वर्षांची मुदत छापलेली असली तरी त्यावर प्रवास करता येत नाही. हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, असं सरकारनं संसदेत सांगितलं आहे.

मग करायचं काय? नागरिकत्व मिळताच तिथल्या भारतीय वकिलातीत पासपोर्ट जमा करायचा. सोबत नव्या नागरिकत्वाचा दाखला, नव्या पासपोर्टाची नक्कल आणि ठरलेली फी. वकिलात जुन्या पासपोर्टावर 'रद्द' असा शिक्का मारून तो परत देते आणि पासपोर्ट जमा केल्याचा दाखला देते. यालाच 'सरेंडर सर्टिफिकेट' म्हणतात. मुलगा भारतात असेल तर हे काम पासपोर्ट कार्यालयातही होतं. पासपोर्टाची मुदत संपली म्हणून तो फेकून देऊ नका. आधी चौकशी करा.

जुना पासपोर्ट वापरत राहिलं तर दंड भरावा लागतो. परदेशी नागरिक असल्याचं लपवून नवा भारतीय पासपोर्ट काढला, तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार एक ते पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. "गुपचूप दोन्ही ठेव, कुणाला कळतंय?" असा सल्ला पोराला देऊ नका.

सातबाऱ्याशी संबंध काय?

समजा, तुमच्या वाडीतले एक अण्णा वारले. थोरला गावात शेती करतो, धाकटा अमेरिकेचा नागरिक. धाकट्यानं जुना पासपोर्ट जमाच केला नाही. आता गावी यायचं तर परदेशी माणसासारखा व्हिसा हवा. ओसीआय कार्ड काढावं, तर त्यासाठी आधी पासपोर्ट जमा केल्याचा दाखला मागतात. इकडे वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं महसूल कायद्याचं कलम १४९ म्हणतं. एका कागदापायी दोन्ही भाऊ हेलपाटे घालतात.

धाकट्याचा वारसा मात्र बुडत नाही. हे नीट ध्यानात घ्या, कारण "परदेशी झाला, आता त्याचा हिस्सा गेला" असं सांगून भावाभावांत लावून देणारे गावात असतात. ओसीआय कार्डधारकाला वडिलोपार्जित शेतजमीन वारसानं मिळते. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. हिस्सा विकायचाच झाला तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावा लागतो, आणि आपल्या राज्यात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं घेणारा साधारणपणे शेतकरीच लागतो.

ओसीआय कार्डाच्या नावात 'नागरिक' असा शब्द आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर ये-जा करता येते, मतदान करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही.

गावकामगारांसाठी दोन शब्द

तलाठी भाऊसाहेबांनी वारसनोंद घेताना वारस परदेशी नागरिक आहे एवढ्यावरून त्याचं नाव गाळू नये. ग्रामपंचायतीनं आणि मतदारयादीचं काम पाहणाऱ्यांनी अशा माणसाचं नाव यादीत राहिलं असेल तर नमुना ७ भरून ते कमी करून घेण्यास घरच्यांना सांगावं. यात कुणाची बदनामी नाही, कायद्याचं पालन आहे.

मंडळी, येत्या रविवारी पोराचा फोन आला की पीकपाणी, तब्येत विचारून झाल्यावर एवढं विचारा: "पासपोर्ट जमा केलास का? दाखला कुठं ठेवलास?" दाखल्याची एक नक्कल सातबाऱ्याच्या कागदांसोबत घरी ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे फार सोपं आहे.