आधी मोजमाप, मग गुंतवणूक

कारखान्याच्या हिशेबात कच्चा माल, मजुरी आणि कर्जावरील व्याज यांची स्वतंत्र नोंद असते. वीज आणि इंधन यांचा खर्च मात्र महिन्याच्या एका आकड्यात सामावलेला असतो. त्यापैकी किती ऊर्जा उत्पादनाच्या कामी आली आणि किती वाया गेली, हे देयकावरून उमगत नाही. ते शोधण्याच्या पद्धतीस ऊर्जा लेखापरीक्षण असे म्हणतात. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ मुळे भारतात या कार्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली.

हिशेब तपासनीस वह्या पाहतो, तर ऊर्जा लेखापरीक्षक उपकरणे लावून पाहतो. त्यांतील प्रमुख उपकरण म्हणजे पॉवर ॲनालायझर. त्याचा चिमटा तारेभोवती बसविला की तार न तोडता विद्युतप्रवाह मोजता येतो. व्होल्टेजची जोडणी दिल्यावर मोटर प्रत्यक्षात किती किलोवॅट वीज घेते आणि तिचा पॉवर फॅक्टर किती आहे, हेही समजते. गरजेपेक्षा मोठी मोटर अर्ध्याहून कमी भारावर चालत असल्यास ते येथेच उघड होते.

बॉयलरच्या धुराड्यात फ्ल्यू गॅस ॲनालायझरची नळी घालून बाहेर जाणाऱ्या वायूंचे तापमान आणि त्यांतील ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण मोजतात. ऑक्सिजन अधिक आढळल्यास अनावश्यक हवा तापवून बाहेर सोडली जात आहे, तर कार्बन मोनॉक्साइड आढळल्यास इंधन अर्धवट जळत आहे, असा अर्थ होतो. या वायूंचे तापमान सुमारे २२ अंश सेल्सिअसने उतरविता आले, तर जवळपास १ टक्का इंधन वाचते.

थर्मल कॅमेऱ्यात विजेच्या फलकावरील सैल जोड आणि वाफेच्या नळीवरील फाटलेले उष्णतारोधक आवरण तत्काळ दिसते. लक्समीटर कामाच्या जागेवरील प्रकाश मोजतो. अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर नळी न कापता पाण्याचा प्रवाह सांगतो.

दाबयुक्त हवेची गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्रांच्या आवाजात ऐकूही येत नाही. मानवी कानास न ऐकू येणारे ध्वनी टिपणारा शोधक तिची जागा दाखवितो. गळतीचे प्रमाण काढण्यास तर साधे घड्याळही पुरते. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सर्व यंत्रे बंद ठेवून केवळ कॉम्प्रेसर सुरू करावा. समजा, तो आळीपाळीने २ मिनिटे भारावर आणि ४ मिनिटे भाराविना चालला. तर दर ६ मिनिटांतील २ मिनिटे तो निव्वळ गळती भरून काढीत आहे. म्हणजेच त्याच्या क्षमतेचा एक तृतीयांश भाग व्यर्थ जात आहे.

हवा अपुरी पडते म्हणून दुसऱ्या कॉम्प्रेसरसाठी कर्ज घेऊ पाहणाऱ्या लघुउद्योजकासाठी ही चाचणी निर्णायक ठरू शकते. जुने जोड आणि झिजलेल्या नळ्या बदलून भागत असेल, तर कर्जाचा हप्ता आणि नव्या यंत्राचे वीजदेयक हे दोन्ही भार टळतात. चाचणीअंती नवे यंत्र खरोखर आवश्यक ठरलेच, तर त्याची क्षमताही अंदाजाने नव्हे, मोजमापाने ठरविता येते.

अर्थात, उपकरणाचा आकडा त्याच्या अचूकतेइतकाच विश्वसनीय असतो. म्हणून लेखापरीक्षकाकडील उपकरणांचे कॅलिब्रेशन केव्हा झाले, हे अवश्य विचारावे. चकचकीत धातूच्या पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड तापमापक चुकीचे दाखवू शकतो, याचीही जाणीव ठेवावी. सुधारणा झाल्यानंतर त्याच जागी, तशाच भारावर पुन्हा मोजमाप करावे. दोन नोंदींमधील फरक हीच खरी बचत होय.