नर्सिंग पास, पण नोकरी नाही? घरपोच नर्सिंग सेवेचं साधं गणित



नर्सिंग झालेल्या मुली आणि त्यांचे आई-वडील, दोघांचाही प्रश्न एकच असतो. "सर, जीएनएम झालं, काउन्सिलची नोंदणी झाली, पण नोकरी कुठे आहे? आणि मिळते ती एवढ्या कमी पगाराची, की जाण्यायेण्यातच निम्मा जातो." व्हिडिओमध्ये वेळ कमी असतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही स्वतः नर्स नसाल, पण घरात कोणी असेल किंवा तुम्हाला या क्षेत्रात सेवा व्यवसाय करायचा असेल, तरी शेवटपर्यंत वाचा. गणित सगळ्यांसाठी सारखंच आहे.

नर्स हव्यात, मग नोकरी का नाही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे दर हजार लोकसंख्येमागे ३ नर्स असाव्यात. आपल्या देशात हा आकडा २ च्या आसपास आहे. म्हणजे नर्स कमी आहेत. तरीही पास झालेली मुलगी घरी बसलेली असते. असं का होतं?

कारण गरज असणं वेगळं आणि त्या गरजेचा पगार द्यायला कोणी तयार असणं वेगळं. सरकारी भरती निघते तेव्हा निघते, आणि तिच्यावर अर्जांचा पाऊस पडतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. मोठी खाजगी हॉस्पिटल्स 'अनुभव आहे का?' हे आधी विचारतात. परदेशात जायचं तर अनुभवासोबत भाषेची परीक्षाही असते. राहिली छोटी हॉस्पिटल्स. बाजार मंद असला की लोक गुडघ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ढकलतात. खाटा रिकाम्या राहतात. मग डॉक्टर सगळ्यात आधी स्टाफचा खर्च कमी करतात. दोन सिस्टरऐवजी एक सिस्टर आणि एक मावशी, असं काम चालतं.

पगाराचं बघा. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ मधल्या आदेशानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली होती. ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलमध्येसुद्धा नर्सचा पगार २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर तो राज्य सरकारी नर्सइतका असावा, असं त्या समितीने सुचवलं. पण ही शिफारस होती, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली होती. तालुक्याच्या गावी आज काय पगार सांगतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग मागणी गेली कुठे? घरात!

आता दुसरी बाजू. हातात पैसा कमी असला की पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांना काय विचारतात? "डिस्चार्ज कधी मिळेल?" रोजचं बेडचं बिल परवडत नाही. पेशंट लवकर घरी येतो, पण त्याची जखम तर हॉस्पिटलच्या वेळापत्रकाने भरत नाही. ड्रेसिंग बाकी असतं. कॅथेटर असतो, नाकातून नळी असते. पॅरालिसिसच्या पेशंटला बेडसोर होऊ नये म्हणून कुस बदलायची असते. आणि घरच्यांना यातलं काहीच येत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक १ कोटी १० लाखांच्या आसपास होते, आता ते आणखी वाढलेत. मुलं पुण्या-मुंबईत, आई-वडील सांगलीत किंवा जळगावात, अशी घरं प्रत्येक गल्लीत सापडतील.

म्हणजे काम आहे, फक्त ते 'जागा भरणे आहे' अशा जाहिरातीत दिसत नाही. ते घराघरात विखुरलेलं आहे. ते गोळा करून व्यवस्थित चालवणं, हाच हा व्यवसाय.

ड्युटी विकू नका, व्हिजिट विका

आपल्याकडे नर्सेस ब्युरो वर्षानुवर्षे चालतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे: १२ तासांची किंवा २४ तासांची ड्युटी लावायची आणि पगारातून कमिशन कापायचं. यात तीन अडचणी आहेत. घरच्यांना महिन्याचा खर्च झेपत नाही, म्हणून ते शिकलेल्या नर्सऐवजी आया मागतात. नर्सला १२ तासांत खरं नर्सिंगचं काम दीड तासाचं, बाकी वेळ घरकाम सांगितलं जातं. आणि कमिशन कोणी किती कापलं, याचा हिशेब तिला कळतच नाही.

त्यापेक्षा अर्ध्या तासाची व्हिजिट विका. ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटरची काळजी, बीपी-शुगर तपासून नोंद, नळीतून फीड कसं द्यायचं ते घरच्यांना शिकवणं. घरच्यांना जेवढं लागतं तेवढ्याचेच पैसे द्यावे लागतात. तुमचं शिक्षणही योग्य कामाला लागतं.

आकडे मांडू या

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

समजा, एका व्हिजिटचे ३०० रुपये. पेट्रोल, ग्लोव्हज, सॅनिटायझर धरून एका व्हिजिटला ४० रुपये खर्च. ड्रेसिंगचं साहित्य पेशंटने आणायचं. हातात राहिले २६० रुपये.

महिन्याचा ठरलेला खर्च (मोबाईल, व्हिजिटिंग कार्ड, गाडीची देखभाल, वस्तूंची झीज) समजा ३,००० रुपये.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये १५,००० रुपये पगार मिळाला असता असं धरा. तेवढे सुटायला किती व्हिजिट लागतील?

१५,००० + ३,००० = १८,०००. भागिले २६०. उत्तर ६९ च्या थोडं वर, म्हणजे ७० व्हिजिट. महिन्यात २५ दिवस काम केलं तर दिवसाला साधारण ३ व्हिजिट.

दिवसाला ३ व्हिजिट ऐकायला सोप्या वाटतात, पण पहिल्या महिन्यात एवढ्या मिळणार नाहीत. समजा, महिन्याला २५ च मिळाल्या. ६,५०० वजा ३,०००, उरले ३,५००. घरात यावर भागत नाही. म्हणून पहिले सहा महिने हातातली नोकरी सोडू नका. शिफ्ट सकाळची असेल तर व्हिजिट संध्याकाळी घ्या. सलग तीन महिने ७० चा आकडा पार झाला, की मग सोडायचा विचार करा.

सुरुवातीचं सामान फार नाही. बीपी मशीन, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, स्टेथोस्कोप, ड्रेसिंगची अवजारं, एक चांगली बॅग. साधारण आठ-दहा हजारांत होतं. यासाठी कर्ज लागतच नाही. पुढे गाडी किंवा भाड्याने द्यायला पेशंटचा बेड वगैरे घ्यायचा असेल, तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पण आधी पेशंट, मग कर्ज.

सगळ्यात मोठी अडचण: अनुभव

आता जे सांगतो ते नीट ऐका. नुकतीच पास झालेली मुलगी पहिल्या दिवसापासून एकटी पेशंटच्या घरी जाणार असेल, तर मी 'नको' म्हणेन. वॉर्डमध्ये काही चुकलं तर शेजारी सीनियर सिस्टर असते, ड्युटी डॉक्टर असतात. घरात तुम्ही, पेशंट आणि घाबरलेले नातेवाईक एवढेच.

मग करायचं काय? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि अनुभव नाही म्हणून व्यवसायही नाही?

आजूबाजूला बघा. दहा-बारा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या कितीतरी सिस्टर आज घरी आहेत. मूल लहान आहे, सासू-सासरे आजारी आहेत, नाइट ड्युटी जमत नाही म्हणून नोकरी सोडली. काही जणी नुकत्याच रिटायर झाल्यात. त्यांच्याकडे अनुभव आहे, पण १२ तास नाहीत. नव्या मुलीकडे वेळ आहे, अनुभव नाही. ह्या दोघींची जोडी लावा.

पहिल्या २०-२५ व्हिजिट नवी मुलगी ताईंसोबत जाईल, हात त्यांचा, नजर हिची. मग हात हिचा, नजर त्यांची. त्यानंतर सोपी ड्रेसिंग आणि बीपी-शुगरच्या व्हिजिट ती एकटी करेल आणि अडलं तर फोनवर ताई असतील. पैशांची वाटणी पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. व्हिजिट करणाऱ्याला किती, देखरेख करणाऱ्याला किती, गंगाजळीत किती. 'आपलेच आहोत' म्हणून तोंडी ठेवलं की सहा महिन्यांत वाद ठरलेला.

आणि ज्यांना पुढे परदेशात किंवा मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचंय त्यांनी लक्षात ठेवा: तिथे बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या वॉर्डमधला अनुभव विचारतात. घरच्या व्हिजिट त्यात धरल्या जातीलच असं नाही. तुमचं ध्येय ते असेल तर पगार कमी असला तरी वॉर्ड सोडू नका, व्हिजिट जोडीला ठेवा.

ह्या रेषा ओलांडायच्या नाहीत

१. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची चालू नोंदणी हवीच. टीममधल्या प्रत्येकीची प्रत फाईलला ठेवा.

२. डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय औषध नाही, इंजेक्शन नाही, सलाईन नाही. 'अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावून द्या' असं शेजारच्या काकूंनी म्हटलं तरी नाही.

३. अँटिबायोटिक इंजेक्शनचा पहिला डोस घरी देऊ नका. रिअ‍ॅक्शन आली तर मिनिटांचा खेळ असतो. पहिला डोस हॉस्पिटलमध्येच.

४. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जमा होतात. जवळच्या हॉस्पिटलशी बोलून डबा तिथे जमा करायची सोय आधीच करा. सफाई कामगाराच्या हाताला सुई लागली, तर त्याचं घर उघड्यावर येतं.

५. प्रत्येक व्हिजिटची नोंद: तारीख, वेळ, काय केलं, बीपी-शुगर किती, सही. उद्या प्रश्न आला तर तुमची वही बोलेल.

६. स्वतःची सुरक्षितता. नव्या घरी पहिली व्हिजिट दोघींनी. पत्ता आणि वेळ टीमच्या ग्रुपवर. घरात फक्त पुरुष पेशंट आणि दुसरं कोणीच नसेल, तर एकटीने जायचं नाही. एक ग्राहक गेला तरी चालेल.

कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. बोर्डावर 'नर्सिंग होम' असं लिहू नका. कायद्यात त्याचा अर्थ पेशंट दाखल करून घेणारी जागा असा होतो, आणि त्याची नोंदणी वेगळी. 'होम नर्सिंग सेवा' किंवा 'घरपोच परिचर्या' लिहा.

जीएसटीमध्ये एक गोम आहे. पॅरामेडिक्स आणि क्लिनिकल आस्थापनांनी दिलेल्या आरोग्यसेवेला सूट आहे. पण तुम्ही हॉस्पिटलला माणसं पुरवून बिल लावलंत, तर ते मनुष्यबळ पुरवठ्यात जातं आणि त्यावर १८ टक्के कर आहे. सेवा व्यवसायात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. त्याच्या जवळ पोचायच्या आधीच सीएंना भेटा.

पहिले दहा पेशंट कुठून येणार?

फेसबुकच्या जाहिरातीतून नाही. घरात अनोळखी माणूस घ्यायचा तर लोक डॉक्टरांचं ऐकतात. तुमच्या भागातले सर्जन, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मेडिकल दुकानदार, अशा वीस जणांची यादी करा. भेटायला जाताना नोंदणीची प्रत, दरपत्रक आणि नोंदवहीचं कोरं पान न्या. डॉक्टरांना कमिशन देऊ करू नका. त्याऐवजी प्रत्येक पेशंटचा आठवड्याचा रिपोर्ट त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, अर्थातच पेशंटच्या परवानगीने. आपला पेशंट घरी कसा आहे हे घरबसल्या कळलं, तर ते दुसरा पेशंट आपणहून पाठवतील.

शेवटी, ज्यांना नर्स नसताना हा व्यवसाय करायचाय त्यांच्यासाठी. बाजारात बेकार मुली भरपूर आहेत म्हणून दर पाडून त्यांना राबवलंत, तर पैसा काही दिवस दिसेल. पण चांगली मुलगी दुसरी संधी मिळताच जाईल आणि तिच्यासोबत पेशंटही जातील. या धंद्यात तुमचा माल म्हणजे त्या मुलीचा हात आणि तिच्यावर बसलेला विश्वास. तिला व्हिजिटमागे किती मिळतात आणि तुम्ही किती ठेवता, हे तिला माहीत असू द्या.

या आठवड्याचं काम: वहीच्या एका पानावर तुमच्या गावचा व्हिजिटचा दर, खर्च आणि 'माझे ७०' किती येतात ते काढा. दुसऱ्या पानावर घरी असलेल्या अनुभवी सिस्टरची तीन नावं लिहा. रविवारी त्यातल्या एकीकडे चहाला जा.

भेटू पुढच्या लेखात. तोवर हिशेब चोख ठेवा!