सरवा वेचणाऱ्या तीन बाया

सरवा म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्वारीची कणसे खळ्यावर गेली, भुईमूग उपटून झाला, की रानात मागे राहिलेले वेचायला आपल्या आया-आज्या जात. मालक हो म्हणाला तरच जायचे. दिवसभर वाकून ओटीत पडेल तेवढेच आपले.

हाच सरवा फ्रान्समधील चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिले याने १८५७ साली रंगवला. मिले (१८१४-१८७५) शेतकऱ्याच्या घरात जन्मला आणि शेतात राबून वाढला. पुढे पॅरिस सोडून तो बार्बिझोन या खेड्यात राहिला. सरवा वेचणाऱ्या बायांचे हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

चित्र आपण सावकाश पाहू. गव्हाची कापणी झालेले रान आहे. पुढे तीन बाया. निळ्या आणि लाल फडक्याने डोके बांधलेल्या दोघी कमरेत पूर्ण वाकल्या आहेत. निळ्या फडक्यावालीचा एक हात पाठीवर आहे. तिसरी अर्धवट वाकलेली आहे. कमरेच्या कापडाची त्यांनी झोळी केली आहे. चेहरे सावलीत आहेत. डोळ्यांत भरतात ते राबून जाड झालेले हात. आता मागे पाहा. दूर उन्हात गंजी लागल्या आहेत, गाडी भरते आहे आणि घोड्यावर बसलेला मुकादम देखरेख करतो आहे. पीक तिकडे, काड्या इकडे. मिलेने भाषण केले नाही. फक्त हे अंतर दाखवले.

पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागले तेव्हा बड्या लोकांना ते रुचले नाही. १८४८ ची क्रांती होऊन नऊच वर्षे झाली होती. एका टीकाकाराला तर या बायांच्या मागे १७९३ मधले वधस्तंभ दिसले! बायांच्या हातात होत्या गव्हाच्या चार काड्या. मग भीती कशाची? राजे आणि देवदेवता यांच्यासाठी राखलेली मानाची जागा इथे गरीब बायांना मिळाली होती. मिलेच्या हाती या चित्राचे ३,००० फ्रँक पडले. त्याच्या मृत्यूनंतर १८८९ साली तेच चित्र ३,००,००० फ्रँकना विकले गेले.

एक गोष्ट मात्र आपण विसरू नये. चित्रातले ऊन सोनेरी आहे, रंग शांत आहेत. दिवाणखान्यात टांगणाऱ्याला त्यातली पाठदुखी जाणवेलच असे नाही. चित्र सुंदर आहे म्हणून सरवा सुंदर ठरत नाही. उरलेसुरले वेचून पोट भरणे ही आपल्या आजीची अडचण होती, तिचे नशीब नव्हते. तरीही त्या वाकलेल्या पाठीवर घर चालले, पोरे शाळेत गेली. तिला पुढे बसवून कुणी चित्र काढले नाही.

एखाद्या पुस्तकात किंवा मोबाईलवर हे चित्र सापडेल. मुलांना दाखवा आणि विचारा, धान्य कुणी पिकवले असेल, गंज कुणाची, घोड्यावर कोण? मग घरातल्या म्हातारीपुढे ते धरा. ती कुठल्या रानात सरव्याला जायची, मालक कुठवर येऊ द्यायचा, ओटीत किती पडायचे, हे तिच्याच तोंडून ऐका आणि वहीत लिहून ठेवा. पॅरिसच्या संग्रहालयाला जे ठाऊक नाही, ते तिला ठाऊक आहे.