पारपत्रासाठी पहिला अर्ज

आखाती देशात नोकरी ठरली, की अनेकांना प्रथमच पारपत्राची आठवण होते. पारपत्र अधिनियम, १९६७ अन्वये प्रौढ व्यक्तीस मिळणारे पारपत्र १० वर्षे वैध असते. ३६ पानी पारपत्राचे साधारण शुल्क १,५०० रुपये आहे. अर्ज संकेतस्थळावर भरून, नेमल्या वेळी मूळ कागदपत्रांसह सेवा केंद्रात जावयाचे असते. खरी अडचण येते ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर ‘दगडू’ आणि आधारपत्रावर ‘दत्तात्रय’ असल्यास प्रकरण अडते. घरच्यांना दोन्ही नावे ठाऊक असतात, कार्यालयास नव्हे. ही दुरुस्ती अर्जापूर्वीच करून घ्यावी. दहावी उत्तीर्ण असल्यास प्रमाणपत्र अवश्य जोडावे. ते किंवा तत्सम पुरावा नसल्यास पारपत्रावर परदेशगमन तपासणीची नोंद होते आणि आखातात नोकरीस जाण्यापूर्वी स्वतंत्र अनुमती घ्यावी लागते. पोलीस पडताळणीच्या वेळी अर्जदाराने दिलेल्या पत्त्यावर उपस्थित असावे.