पाऊस, पैठण रोड आणि पन्नास किलोमीटर

मॅरेथॉन पळणारे हल्ली प्रत्येक ऑफिसात एक-दोन तरी सापडतात. त्यापुढची पायरी म्हणजे अल्ट्रा. पण पहिलीच अल्ट्रा आणि वर धो-धो पाऊस, असं कॉम्बिनेशन वाट्याला आलं तर?

तर आधी फंडा क्लीअर करू या. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्यापुढे एक पाऊल जरी टाकलंत तरी ती अल्ट्रा. कुणी पन्नास पळतं, कुणी शंभर, कुणी किलोमीटर मोजतच नाही, घड्याळ मोजतं. मुंबईत १५ ऑगस्टला पहाटे पाच ते संध्याकाळी पाच अशी बारा तासांची अल्ट्रा होते, तीही ऐन पावसाळ्यात. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासून चालू आहे, साधारण नव्वद किलोमीटरची. तिथे जाऊन आलेला मराठी माणूस ग्रुपवर पुढची दोन वर्षं दुसरं काही बोलत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

आमची अल्ट्रा मात्र एकदम घरगुती. ना बिब, ना मेडल, ना फिनिशला डीजे. क्रांती चौकातून निघायचं आणि पैठणला पोचायचं. म्हणजे पन्नासच्या थोडं वर. आम्ही सहा जण: बँकेतला एक, वाळूजच्या कंपनीतले दोघं, शाळेत शिकवणारी एक मैत्रीण, हिंजवडीहून खास सुट्टी टाकून आलेला एक आयटीवाला आणि मी. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे ऑफिस नाही पण डेडलाइन आहे. सोबत एक जीप. तिच्यात आमचे 'काका'. वय बासष्ट, आयुष्यभर एसटीत नोकरी, आणि आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त अल्ट्रा त्यांच्या नावावर.

तारीख १ सप्टेंबर २०२४, रविवार. मुहूर्त आम्ही दोन महिने आधी काढलेला. पावसाने त्याचा मुहूर्त आमच्याशी न बोलता तोच काढला. त्या दोन दिवसांत मराठवाड्यात किती पाऊस पडला, हे परभणी-हिंगोलीकडच्या माणसांना विचारा. आमच्याकडे त्या मानाने कमी होता, पण आम्हाला पुरला.

दोघांचा नियम

शुक्रवारी रात्री काकांनी सगळ्यांना घरी बोलावलं. पोहे खाऊ घातले आणि मग नियम सांगितले. पहिला, वीज. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये हवं. आसपास वीज दाखवली की पळणं बंद, सगळे जीपमध्ये. झाडाखाली उभं राहायचं नाही, भिजायची वेळ आली तरी. दुसरा, पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असो नाहीतर गुडघ्याएवढं, माघारी फिरायचं.

तिसरा नियम ऐकून मात्र आम्ही हसलो. "कोण थांबणार हे थांबणाऱ्याने ठरवायचं नाही. बाकीच्यांपैकी कुणीही दोघं म्हणाले की बस, तर तो जीपमध्ये. चर्चा नाही."

"आणि त्याला बरं वाटत असेल तर?" आयटीवाल्याने विचारलं.

"त्याला बरं वाटतंय म्हणूनच दोघं लागतात," काका म्हणाले.

तेव्हा हे वाक्य मला जरा डायलॉगबाजी वाटलं होतं.

थंडी? मराठवाड्यात?

आपल्याकडच्या रनरची सगळी तयारी उन्हाची असते. टोपी, गॉगल, इलेक्ट्रॉल, पहाटे चारचा स्टार्ट. पावसाचं कुणी टेन्शनच घेत नाही. उलट 'वा, क्लायमेट काय मस्त आहे' म्हणून दोन किलोमीटर जास्त पळतो. पहाटे फोनवर तापमान तेवीस होतं. तेविसात कुणाला थंडी वाजते का हो?

वाजते. आणि का वाजते ते समजून घेण्यासारखं आहे. पळताना आपण जी ऊर्जा खर्च करतो, त्यातली जेमतेम पाव प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येते, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे पळणारा माणूस ही चालतीफिरती शेगडी. पण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. अंगाला चिकटलेला ओला टीशर्ट, वर मोकळ्या शिवारातला वारा. शेगडी जोरात पेटलेली आहे तोवर काही कळत नाही. दहा किलोमीटरच्या रेसमध्ये ती पेटलेलीच राहते. अल्ट्रामध्ये तीन-चार तासांनी वेग पडतो, पोटात काही उरत नाही, शेगडी मंदावते, आणि पाऊस तेवढाच असतो. त्यात तुम्ही थांबलात, तर विषयच संपला. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही.

चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला काय झालं ते आठवतंय? बाइयिन शहराजवळ शंभर किलोमीटरची डोंगरातली रेस. सुरुवातीला १७२ जण. बरेच हाफ पँट आणि टीशर्टवर, कारण वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं. दुपारी डोंगरात गारा, गोठवणारा पाऊस आणि तुफान वारा. एकवीस जण गेले. त्यात लिआंग जिंगसारखा चीनमधला नावाजलेला अल्ट्रा रनरही होता, म्हणजे नवखेच गेले असं नाही. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या निवाऱ्याच्या गुहेत नेलं, शेक दिला, ते वाचले.

आमचा पैठण रोड म्हणजे काही गान्सूचा डोंगर नाही. पण शरीराचं गणित दोन्हीकडे तेच.

बिडकीन

महानुभाव आश्रम, कांचनवाडी, नक्षत्रवाडी हा टप्पा अंधारातच गेला. डोक्याला टॉर्च, अंगात चमकणारी जाकिटं. चितेगावपासून कंपन्यांच्या ट्रकची वर्दळ सुरू. रस्त्याच्या कडेला खोदकामाची काळी माती होती. शहराला जायकवाडीचं पाणी आणणारी नवी जलवाहिनी ह्याच रस्त्याने येते, तिचं आणि रस्त्याचं काम एकाच वेळी. काळी माती ओली झाली की बुटाला असा काही लोड चढतो की दोन्ही पायांना एकेक वीट बांधल्यासारखं वाटतं. आम्ही कडा सोडून डांबरावरच राहिलो, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने.

बिडकीनचं नाव आता तुम्ही बिझनेसच्या पानावर वाचता. औद्योगिक वसाहत, जवळपास आठ हजार एकर, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तिचं लोकार्पण झालं. आम्ही पोचलो तेव्हाचं बिडकीन मात्र पोळ्याचं होतं. दुसऱ्या दिवशी पोळा. दुकानांपुढे ताडपत्र्या ताणलेल्या, त्याखाली झुली, गोंडे, घुंगरांच्या माळा, नवे कासरे, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बेगड. पावसात सगळे रंग जास्तच भडक दिसत होते.

आयटीवाला आमच्यातला सगळ्यात फास्ट. तो आमच्या वीस मिनिटं आधी तिथे पोचला होता. टपरीच्या पत्र्याखाली, ओल्या कपड्यांत, आमची वाट बघत उभा. जीप तेव्हा मागच्यांबरोबर होती. मी पोचले तेव्हा तो चिक्कीचं पाकीट उघडायचा प्रयत्न करत होता. बोटं वळत नव्हती. मग दाताने. मग त्याने ते तसंच खिशात घातलं.

"काय रे, ठीक आहेस ना?"

"फाइन. एकदम फाइन." दोन शब्दांमध्ये जरा जास्तच वेळ गेला. जीभ जड, ओठ निळसर. आणि मघाशी कापत होता तो आता कापतही नव्हता. काकांनी शुक्रवारी हे बजावलं होतं: अंगाची थरथर आपोआप थांबली तर बरं वाटतंय असं समजू नका, तेव्हा जास्त घाबरा.

मी शाळेतल्या मैत्रिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. झाले दोघं.

सांगणं सोपं नव्हतं. मला पळायला ह्यानेच लावलं होतं. माझा पहिला पाच किलोमीटर त्याच्याबरोबर, पहिले चांगले बूट त्याने निवडलेले. चार महिने तो रविवारी पहाटे हिंजवडीत तीस-तीस किलोमीटर पळत होता, ह्या एका दिवसासाठी. तो चिडला. "मी तुमच्या सगळ्यांच्या पुढे आहे यार! जो पुढे आहे त्याला थांबवता?" जीप आली. काकांनी वाद घातलाच नाही. ओला टीशर्ट काढायला लावला, अंग कोरडं केलं, कोरडे कपडे, कानटोपी आणि वर त्यांची स्वतःची घोंगडी. गाडीचा हीटर लावला. मग गोड चहा. चहाने फार गरम होत नाही, साखर पोटात जाते इतकंच. खरं काम कोरड्या कपड्यांचं. हातपाय चोळायचे नाहीत, आणि 'थोडी घेतली की ऊब येते' ही थिअरी तर साफ खोटी. दारूने अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर पडते.

घोंगडीवरून एक सांगते. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. स्पोर्ट्सच्या शोरूममध्ये मेरिनो लोकरीचा टीशर्ट काही हजारांना मिळतो, त्याचं कारण हेच. त्या सकाळी बिडकीनच्या बाजारात निम्मी म्हातारी माणसं घोंगडीची खोळ करून फिरत होती. कॉटन मात्र पाणी पितं आणि सोडत नाही. पावसात कॉटन नकोच.

अर्ध्या तासात आयटीवाला नॉर्मल झाला आणि म्हणाला, आता पळतो. काकांनी काच वर केली.

पुढचे पाच

बिडकीननंतर आम्ही पाच जणांनी एक केलं. थांबायचं नाही. खायचं ते चालता चालता: मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. जीपजवळ एका वेळी एकानेच जायचं, बाकीचे चालत राहणार. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला तीन भोकं पाडली की वारा अडवणारं जाकीट तयार. दिसायला ध्यान, पण अडीचशे ग्रॅमच्या महागड्या जॅकेटएवढंच काम.

पाणी किती प्यायचं हा पावसातला ट्रिकी विषय. घाम कमी येतो, पण सवयीने आपण उन्हाळ्याइतकंच ढोसतो. नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्याचीही लक्षणं मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशीच. तहान लागली की प्यायचं, बरोबर मीठ. आणि पेनकिलर घेऊन पळायचं नाही, मूत्रपिंडांची वाट लागते.

ढोरकीनच्या अलीकडे बँकवाल्याच्या मांड्या सोलल्या गेल्या. ओली शॉर्ट्स चाळीस हजार पावलं एकाच जागी घासत असेल तर दुसरं काय होणार? व्हॅसलीन निघण्याआधीच लावलं होतं, पाण्याने गेलं, पुन्हा लावलं. रस्त्याकडेच्या गोठ्यात एक आजोबा बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळत बसले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळण. जू घासून घासून सोललेला खांदा त्या दिवशी मळतात. बँकवाला त्यांच्याकडे बघत बघत फेंगडा चालत होता. आजोबांनी विचारलं, "कुठून आले?" "संभाजीनगरहून." "गाडी बंद पडली काय?"

दर दोन तासांनी मोजे बदलले. नवे मोजे दहा मिनिटांत भिजतात हे खरं, पण तेवढ्यात पाय पुसले जातात, खडा निघतो, फोड दिसतो. पाय भिजून पांढरे, सुरकुतलेले झाले की कातडी कागदासारखी फाटते.

शेवटचे बारा किलोमीटर आम्ही पळालोच नाही म्हणा ना. पाच मिनिटं पळणं, पाच मिनिटं चालणं. पिंपळवाडीला पाऊस थांबला, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा आला. पैठणला पोचलो तेव्हा पावणेएक वाजला होता. पावणेनऊ तास. नाथांच्या वाड्यापुढे जीप उभी, बोनेटवर आमच्यासाठी कोरड्या कपड्यांच्या पाच पिशव्या नावानिशी लावून ठेवलेल्या. ते काम आयटीवाल्याने केलं होतं. बोलत मात्र कुणाशी नव्हता.

परतताना चितेगावपर्यंत तो गप्प. आजही त्याचं म्हणणं आहे की त्याने अल्ट्रा पूर्ण केली असती. मी वाद घालत नाही. त्याने हिंजवडीतल्या ग्रुपला मात्र दोघांचा नियम लावलाय, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. पुरणपोळ्या पाच, दूध वेगळं. बुटांत रद्दी कोंबून ठेवली होती, ती दर तीन तासांनी बदलायची, बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायचे नाहीत, सोलचा गोंद सुटतो. मंगळवारी एका मुलाखतीसाठी तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. लिफ्ट बंद. चढताना काही नाही, उतरताना मी उलटी, म्हणजे पाठमोरी उतरले. वॉचमन बघत राहिला.