पाण्यातला मसाज की इलाज? वॉट्सू समजून घेऊ या

अम्मी किंवा खाला गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून नमाज अदा करू लागल्या की जो तो इलाज सुचवतो. कुणी तेल, कुणी पट्टा, आणि आता मोबाईलवर दिसणारा 'पाण्यातला मसाज'.

त्याचे नाव वॉट्सू. वॉटर आणि शियात्सू, म्हणजे बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत, यांपासून हे नाव बनले. अमेरिकन कवी हॅरॉल्ड डल जपानमध्ये शियात्सू शिकले आणि १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या हार्बिन हॉट स्प्रिंग्जच्या कुंडात त्यांनी लोकांना तरंगवत ही पद्धत सुरू केली. आपल्या देशात पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिलमध्ये ती मिळते.

पाणी साधारण ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे त्वचेइतकेच कोमट. त्यामुळे अंग ना थंड पडते, ना तापते. छातीभर पाण्यात उभे राहिलो तरी वजनाचा फार थोडा भार पायांवर येतो. इथे तर माणूस आडवा तरंगतो. थेरपिस्ट मान आणि कंबर हातांवर तोलून त्याला हळूहळू झुलवतो. भार उतरला की आखडलेले स्नायू सैल होतात, श्वास लांबतो. दुखणे कमी वाटते, सुकून मिळतो, झोपही चांगली लागू शकते. पण झिजलेला सांधा याने भरून येत नाही. तसे छातीठोकपणे सांगून कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

ताप, उघडी जखम, फाटलेला कानाचा पडदा, ताब्यात नसलेली फिट किंवा नुकताच आलेला हार्ट अटॅक असेल तर पाण्यात उतरू नये. इतरांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

यात शरीर दुसऱ्याच्या हाती असते, त्यामुळे पर्द्याचा सवाल येणारच. हार्बिनमध्ये कपड्यांचे बंधन नव्हते, पण या पद्धतीला त्याची काही गरज नाही. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो. बाईसाठी बाई थेरपिस्ट आणि वेगळी वेळ आहे का, हे आपण बिनधास्त विचारावे. लाजून इलाजच टाळणाऱ्या बाया आपल्याकडे कमी नाहीत.

आणि घरचे एक. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. बादलीतल्या कडक पाण्याने पाय भाजला तरी त्यांना कळत नाही. म्हणून त्यांनी पाय बुडवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाण्यात हात घालून पाहावा.