उदगीरचा तह आणि बाभळीचे दरवाजे

श्रोतेहो, शेताचा बांध हातभर सरकला आणि भावाभावांची डोकी फुटली, ही बातमी आपल्या भागाला नवी नाही. कागदावर कारण एकाच शब्दात लिहिले जाते : बांध. पण गावातल्या चार माणसांना विचारा. ती सांगतील, "बांधाचं निमित्त झालं हो, धुसफूस जुनी होती." युद्धांचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. निमित्त वेगळे आणि कारण वेगळे. ग्रीस देशातील थुसिडिडीज या इतिहासकाराने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी युद्धाच्या मुळाशी तीन गोष्टी दाखविल्या : भीती, मान आणि लाभ. राजे गेले, तोफांची जागा विमानांनी घेतली, तरी ही तीन कारणे काही जुनी झाली नाहीत.

आपल्याच मातीतला दाखला घेऊ. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर-औशाच्या टापूत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडले. तह झाला. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले निजामाला सोडून द्यावे लागले. मराठ्यांचा विजय मोठा होता, यात शंका नाही. पण पुढे काय झाले? १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निजामाची फौज पुण्याच्या जवळ येऊन ठेपली. १७६३ मध्ये तिने पुणे लुटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी तिचा पराभव केला. आणि १७९५ मध्ये पुन्हा खर्ड्याची लढाई झालीच! म्हणजे पस्तीस वर्षे तेच भांडण चालले. हरलेल्याला तह हा तह वाटलाच नाही. तो फक्त संधीची वाट पाहत होता. नुसत्या बळावर केलेला तह बळ आहे तोवरच टिकतो, हा उदगीरचा धडा आहे.

दुसरा दाखला जवळचा आणि अधिक दुखरा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. करार होता, पण विश्वास नव्हता. रझाकारांनी गावे लुटली, जाळली. हजारो कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजामाने हार मानली आणि मराठवाडा मुक्त झाला. बंदुका पाच दिवसांत थांबल्या, पण सूड थांबला नाही. रझाकारांच्या पापाची शिक्षा ज्यांनी काहीच केले नव्हते अशा अनेक मुसलमान कुटुंबांना भोगावी लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हिंडून पाहणी केली आणि सबंध संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड, उस्मानाबाद आणि बीदर यांची नावे घेतली. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि उदगीर बीदरमध्ये. हा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही. दोन्ही बाजूंचे दुःख मोकळेपणाने बोलले गेले नाही, म्हणजे जखम वरून बुजते आणि आत ठसठसत राहते.

मग भांडण मिटते तरी कसे? त्यासाठी धर्माबाद तालुक्यात बाभळीला जाऊ. गोदावरीवर महाराष्ट्राने बंधारा बांधावयास घेतला. खाली पोचमपाडचे धरण. पाणी अडेल, आपली शेती सुकेल, ही तिकडच्या शेतकऱ्यांची भीती. आपल्या दारातली नदी आपल्यालाच वर्ज्य का, हा इकडचा मानाचा आणि लाभाचा प्रश्न. बघा, तिन्ही कारणे हजर! मोर्चे निघाले, अटका झाल्या. पण हे भांडण पोचले सर्वोच्च न्यायालयात. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहील, साठा २.७४ अब्ज घनफूट. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले राहतील, म्हणजे पावसाळ्यातला प्रवाह अडणार नाही. दरवर्षी १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडायचे. आणि देखरेखीला तीन जणांची समिती : एक केंद्रीय जल आयोगाचा, दोन दोन्ही राज्यांचे. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले, तरी व्यवस्था मोडली नाही.

इकडचा शेतकरी पूर्ण समाधानी आहे असे नव्हे. पावसाळ्यातले पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ही त्याची तक्रार खरी आहे. पण ती मांडायला जागा आहे, हे महत्त्वाचे. येथे तीन गोष्टी साधल्या. दोघांचे म्हणणे ऐकले गेले. 'थोडे तू घे, थोडे मी' असे मोघम न बोलता आकडा आणि तारीख ठरली. आणि ठरलेले पाळले जाते की नाही, हे पाहणारा दोघांना मान्य असा तिसरा नेमला गेला. उदगीरच्या तहात यांतले काहीच नव्हते.

बांधाचेही तसेच आहे. लगतच्या शेतकऱ्यांसमोर मोजणी व्हावी, खुणा पक्क्या रोवाव्यात आणि चार जाणत्यांनी त्या राखाव्यात. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचा गाभा हाच होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, लढायांच्या सनावळ्या मुलांकडून जरूर पाठ करून घ्या. पण प्रत्येक लढाईनंतर एक प्रश्न विचारा : हरलेला माणूस घरी गेला तेव्हा त्याच्या मनात काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेला मुलगा उद्या गावच्या पारावर बसेल, तेव्हा भांडण लावणारा न होता मिटविणारा होईल.